मखमली अँथुरियम घरात कसे आले

अँथुरियम क्रिस्टलिनम आणि अँथुरियम वॉरोक्वेअनम या मखमली पानांच्या जाती घरात हमखास रुसतात. दोष झाडाचा नाही. युरोपात या जाती वाढल्या त्या काचेआडच्या दमट उबेत, आणि आपण त्यांना कोरड्या खोलीत, घट्ट मातीत बसवतो.

मुळात बाग समुद्रापार नेणेच अवघड होते. खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई यांत बहुतेक रोपे वाटेतच मरत. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांनी १८२९ मध्ये पतंगाचा कोश ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला, तर त्या मातीतून नेचा आणि गवत उगवले. आतले पाणी वाफ होऊन काचेवर जमत होते आणि पुन्हा मातीत उतरत होते. १८३३ मध्ये अशाच काचपेट्यांतून निघालेली रोपे सिडनीला जिवंत पोहोचली. ब्रिटनने १८४५ मध्ये काचेवरचा कर उठवला आणि हरितगृहे आवाक्यात आली. पुढे बेल्जियमचे रोपवाटिकाचालक जाँ लिंडेन यांच्यामार्फत दक्षिण अमेरिकेतल्या पर्णशोभेच्या वनस्पती युरोपात पसरल्या. क्रिस्टलिनमचे शास्त्रीय नाव १८७३ चे, तर फक्त कोलंबियात सापडणाऱ्या वॉरोक्वेअनमचे १८७८ चे.

त्या काळच्या माळ्यांचे मिश्रण आजही अभ्यासावे असे आहे: तंतुमय पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर), स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे शेवाळ), कोळशाचे तुकडे आणि तळाशी फुटक्या कुंड्यांची खापरे. वॉरोक्वेअनम जंगलात झाडांच्या खोडांवर वाढते, त्यामुळे त्याच्या जाड मुळांना ओलाव्याइतकीच हवा लागते. आज दोन भाग ऑर्किडसाठी वापरतात ती झाडाची साल आणि पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे), कोळसा, मॉस यांचा एकेक भाग घेतला की तेच साधते. नुसत्या बागेच्या मातीत किंवा कोकोपीटमध्ये पाणी साचते, मुळे तपकिरी व लिबलिबीत होतात आणि खालची पाने पिवळी पडतात. पान पिवळे दिसले म्हणून आणखी पाणी घालणे, हीच सर्वांत घातक चूक.

हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास आणि तापमान १८ ते २८ अंश सेल्सिअस हवे. कोरड्या हवेचा फटका नव्या पानाला आधी बसतो. क्रिस्टलिनमचे कोवळे पान तांबूस, कापडासारखे लुळे असते. त्याचे पातळ आवरण वाळले की पान आत अडकते आणि उलगडताना फाटते. अशा वेळी ओढू नये. आवरण कोमट पाण्याने भिजवून मऊ होऊ द्यावे.

मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये मांडलेल्या पोषक माध्यमामुळे टिश्यू कल्चरला, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत, पोषक जेलवर रोपे वाढवण्याच्या पद्धतीला, वेग आला आणि दुर्मीळ पर्णझाडे मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. मात्र ही रोपे बाटलीतल्या जवळजवळ संपृक्त हवेत वाढलेली असतात. त्यांच्या पानांवरचा मेणाचा थर पातळ असतो आणि पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) नीट मिटत नाहीत. उघड्यावर ठेवली तर काही तासांत माना टाकतात. मुळांना चिकटलेले जेल कोमट पाण्याने पूर्ण धुवावे, कारण त्यातल्या साखरेवर बुरशी धरते. मग ओल्या, पिळून घेतलेल्या मॉसमध्ये लावून झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवावे आणि तीन-चार आठवड्यांत झाकण रोज थोडे थोडे अधिक उघडत जावे. नवे पान फुटेपर्यंत खत देऊ नये; नंतरही खताच्या डब्यावर लिहिलेल्या मात्रेचा चौथा हिस्सा पुरतो.