लॉगला टेबलाचं नाव कसं कळलं: पोस्टग्रेसमधल्या डिकोडिंग प्लगइनची पार्श्वभूमी

डेटाबेसमधला प्रत्येक बदल बाहेर पोचवणारं प्लगइन लिहायला बसलं, की पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कागदपत्रांत पहिल्यांदा दिसते ती कॉलबॅक फंक्शनांची यादी, म्हणजे ठरावीक घटना घडली की डेटाबेस स्वतः बोलावतो ती फंक्शनं. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) सुरू झालं, ओळ बदलली, कमिट झालं (बदल पक्के झाले) ही तीन लिहिलीच पाहिजेत, बाकीची हवी असतील तर लिहायची. बदलाच्या कॉलबॅकमध्ये टेबल, जुनी ओळ आणि नवी ओळ आयती हातात येते. आपण ती जेसनमध्ये किंवा आपल्याला हव्या त्या स्वरूपात लिहायची, की झालं. हे पाहून कुणालाही वाटेल की डेटाबेसच्या लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, हे सगळं लिहिलेलंच असतं आणि प्लगइन फक्त भाषांतर करतं. प्रत्यक्षात त्या लॉगला टेबल म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. ते ठाऊक व्हायला फार लांबचा प्रवास करावा लागला, आणि तो समजून घेतल्याशिवाय या प्लगइनचे नियम असे का आहेत हे उमगत नाही.

गोष्ट सुरू होते १९८६ मध्ये, बर्कलीत. मायकेल स्टोनब्रेकर यांच्या चमूने पोस्टग्रेसची आखणी करताना एक धाडसी निर्णय घेतला: लॉग ठेवायचाच नाही. ओळ बदलली तर जुनी ओळ पुसायची नाही, तिच्या शेजारी नवी आवृत्ती ठेवायची. मशीन मध्येच बंद पडलं तरी जुनी आवृत्ती जागेवर असल्याने पूर्ववत करण्यासारखं काही उरत नाही. याच रचनेतून आणखी एक गोष्ट साधली. ‘मागच्या अमुक क्षणी हे टेबल कसं होतं’ असा प्रश्न विचारता येऊ लागला. याला ते टाइम ट्रॅव्हल म्हणत. किंमत मात्र जबर होती. कमिट करताना बदललेली सगळी पानं डिस्कवर ढकलावी लागत, आणि जुन्या आवृत्त्यांनी जागा भरत जाई. पुढे ६.२ आवृत्तीत टाइम ट्रॅव्हल काढून टाकलं गेलं. ओळींच्या आवृत्त्या ठेवण्याची पद्धत मात्र टिकली. वादिम मिखेयेव यांनी १९९९ च्या ६.५ मध्ये तिच्यावर एमव्हीसीसी, म्हणजे वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांना न अडवणारी पद्धत, उभं केलं, आणि २००१ च्या ७.१ मध्ये पानं डिस्कवर जाण्याआधी बदल नोंदवणारा राइट-अहेड लॉग, म्हणजे वॉल, आणण्यातही त्यांचाच मोठा वाटा होता.

या वॉलमधली नोंद कशी असते ते नीट पाहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. नोंद साधारण असं सांगते: अमुक क्रमांकाच्या फाइलमधल्या अमुक पानावर, अमुक जागी, हे बाइट ठेव. पान ८ किलोबाइटचं. टेबलाचं नाव नाही, कॉलम नाहीत, कुठला बाइट आकड्याचा आणि कुठला मजकुराचा हेही नाही. फाइलचा क्रमांकदेखील टेबलाचा कायमचा नसतो. टेबल नव्याने लिहिलं गेलं की तो बदलतो. बंद पडलेलं मशीन सावरण्यासाठी यापेक्षा जास्त लागतही नाही. पान जसं होतं तसं करायचं आहे, त्यावर काय लिहिलंय याच्याशी कर्तव्य नाही.

याच बाइटांवर पुढची बरीच प्रगती झाली. ८.० मध्ये वॉल साठवून हव्या त्या क्षणापर्यंत डेटाबेस उभा करता येऊ लागला. २०१० च्या ९.० मध्ये तोच प्रवाह जाळ्यावरून थेट स्टँडबायकडे, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या तयार प्रतीकडे, वाहू लागला. पण बाइट जसेच्या तसे पाठवायचे म्हणजे दोन्हीकडे सगळंच सारखं हवं: पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती एकच, सगळे डेटाबेस एकत्र, आणि स्टँडबायवर लिहिण्याची मुभा नाही. दोनच टेबलं हवी असोत, नव्या मुख्य आवृत्तीवर सरकायचं असो की बदल शोधयंत्रणेत पोचवायचे असोत, इथे घोडं अडायचं.

अशा गरजांसाठी लोक ट्रिगर, म्हणजे टेबल बदललं की आपोआप चालणारी फंक्शनं, वापरत. स्लोनी-वन हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. रशियन भाषेत स्लोनी म्हणजे हत्ती, आणि हत्ती हीच पोस्टग्रेसची खूण. यान वीक यांनी उभी केलेली ही यंत्रणा प्रत्येक बदलाची नोंद लॉग-टेबलांत करायची. स्काइपच्या मंडळींचं लाँडिस्ट आणि त्याखालची पीजीक्यू ही रांगही याच जातीची. या सर्वांना एक अवघड प्रश्न सोडवावा लागे. ट्रान्झॅक्शनला क्रमांक आधी मिळतो, कमिट नंतर होतं, आणि दोन्हींचा क्रम जुळेलच असं नाही. मग कुठले बदल आधी लावायचे? पीजीक्यूसाठी लिहिलेली ट्रान्झॅक्शन-स्नॅपशॉटची फंक्शनं (एखाद्या क्षणी कुठली ट्रान्झॅक्शनं पूर्ण झाली होती हे सांगणारी) इतकी उपयोगी ठरली की ८.३ मध्ये ती मूळ डेटाबेसमध्येच आली. एवढं करूनही खर्च टळत नव्हता. तोच बदल टेबलात, लॉग-टेबलात, आणि त्या दोन्हींमुळे वॉलमध्येही लिहिला जायचा, आणि नंतर लॉग-टेबल साफ करण्याचं काम वेगळं. बदल वॉलमध्ये आधीच लिहिलेला असताना तो पुन्हा का लिहायचा, हा प्रश्न मनात येणं साहजिकच होतं.

इतर डेटाबेसांनी आपापली वाट काढली होती. मायएसक्यूएलमध्ये प्रतिकृतीसाठी बायनरी लॉग वेगळाच ठेवला जातो. त्यात आधी एसक्यूएल विधानं जात आणि २००८ च्या ५.१ पासून ओळींतले बदलही लिहिता येऊ लागले. ऑरॅकलने ८आय मध्ये लॉगमायनर देऊन स्वतःचा रीडू लॉग वाचायची सोय केली. पोस्टग्रेसने दुसरा लॉग न ठेवता आहे त्याच वॉलला अर्थ द्यायचं ठरवलं. माझ्या मते हा निर्णय योग्य होता. दोन लॉग म्हटले की कमिटच्या वेळी दोघांत एकवाक्यता राखणं आलं, आणि ते कधीच स्वस्त नसतं.

२०१२ च्या सुमारास सेकंडक्वाड्रंट या कंपनीत आंद्रेस फ्रॉइंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीडीआर या दुतर्फा प्रतिकृतीच्या यंत्रणेचा नमुना मांडला. तो एकगठ्ठा स्वीकारला जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्याचे तुकडे पाडून एकेक मूळ डेटाबेसमध्ये नेण्यात आला. इव्हेंट ट्रिगर आणि बॅकग्राउंड वर्कर ९.३ मध्ये आले. ९.४ मध्ये सगळ्यांत महत्त्वाचा तुकडा आला: रेप्लिकेशन स्लॉट (वाचणारा कुठवर आला याची सर्व्हरवरची खूण) आणि लॉजिकल डिकोडिंग (वॉलच्या बाइटांतून ओळींचे बदल काढणं). मार्च २०१४ मध्ये रॉबर्ट हास यांनी ते काम मूळ कोडमध्ये दाखल केलं आणि डिसेंबर २०१४ मध्ये ९.४ प्रसिद्ध झालं.

आता मूळ अडचणीकडे. नोंदीतल्या बाइटांचा अर्थ लावायचा तर टेबलाची रचना कॅटलॉगमधून, म्हणजे टेबलांच्या रचना नोंदलेल्या असतात त्या अंतर्गत टेबलांतून, घ्यावी लागणार. पण कुठल्या क्षणाच्या कॅटलॉगमधून? वाचणारा कदाचित दोन तास मागे आहे. दरम्यान कुणी एक कॉलम काढला, दुसऱ्याचा प्रकार बदलला. आजच्या रचनेने कालचे बाइट वाचले तर निव्वळ कचरा हाती येईल. म्हणजे तो बदल झाला त्या क्षणी कॅटलॉग कसा होता ते दिसायला हवं. ६.२ मध्ये काढून टाकलेलं टाइम ट्रॅव्हल इथे परत आलं, फक्त कॅटलॉगपुरतं. त्यासाठी वॉलची पातळी ‘लॉजिकल’ केली की काही जादा माहिती लिहिली जाते, आणि डिकोडर ती वाचत वाचत जुन्या क्षणाचा स्नॅपशॉट बांधतो. स्लॉट स्वतःचा एक क्षितिज-क्रमांक, म्हणजे ‘इथून पुढचं लागेल’ अशी ट्रान्झॅक्शनची खूण, राखून ठेवतो आणि त्यापुढच्या कॅटलॉगच्या जुन्या आवृत्त्या व्हॅक्यूमला, म्हणजे निरुपयोगी ओळी साफ करणाऱ्या प्रक्रियेला, काढू देत नाही. मला या सगळ्या इतिहासातली ही जागा सर्वांत सुंदर वाटते. एका जुन्या कल्पनेचा नेमका लागेल तेवढाच भाग, नेमका लागेल तिथे पुन्हा वापरला गेला.

प्लगइनवरची बंधनं इथूनच येतात. प्लगइनला कॅटलॉग वाचता येतो, आणि ज्या टेबलांवर ‘हे कॅटलॉगसारखं वापरलं जाईल’ अशी खूण केली आहे तीही वाचता येतात. साधं टेबल वाचता येत नाही, कारण त्याच्या जुन्या ओळी कुणी राखलेल्या नसतात. लिहायला तर सक्त मनाई. ‘बदलासोबत ग्राहकाचं नावही शोधून जोडू’ असं मनात योजून आलेला माणूस इथे पहिल्यांदा अडखळतो.

दुसरा भाग क्रमाचा. वॉलमध्ये अनेक ट्रान्झॅक्शनांचे बदल एकमेकांत मिसळलेले असतात. रिऑर्डर बफर ते ट्रान्झॅक्शननुसार वेगळे करतो, कमिटची नोंद येईपर्यंत साठवतो आणि मग कमिटच्या क्रमाने प्लगइनकडे देतो. रद्द झालेले टाकून देतो. स्लोनी आणि पीजीक्यूने एवढे कष्ट घेऊन सोडवलेला प्रश्न प्लगइनपुढे उरतच नाही. सुरुवातीला एका ट्रान्झॅक्शनचे ४,०९६ बदल झाले की ते डिस्कवर जात. १३ व्या आवृत्तीपासून त्याऐवजी मेमरीची मर्यादा आली, मूळ मूल्य ६४ मेगाबाइट.

सोबत नमुना म्हणून टेस्ट-डिकोडिंग नावाचं प्लगइन दिलं गेलं. ते बदल साध्या मजकुरात छापतं. ते समोर ठेवून लवकरच इतर प्लगइन लिहिली गेली: डिकोडरबफ्स प्रोटोबफ या स्वरूपात, मार्टिन क्लेपमन यांचं बॉटल्ड वॉटर अव्ह्रो या स्वरूपात काफ्का या संदेश-यंत्रणेकडे, युलर ताव्हेरा यांचं वॉलटूजेसन जेसनमध्ये. यातलं वॉलटूजेसन फार पसरलं आणि एक धडाही देऊन गेलं. त्याच्या पहिल्या स्वरूपात पूर्ण ट्रान्झॅक्शनचा एकच जेसन तयार होई. पोस्टग्रेसच्या मजकूर-बफरची मर्यादा १ गिगाबाइटची, त्यामुळे मोठ्या ट्रान्झॅक्शनला तो अपुरा पडे. दुसऱ्या स्वरूपात दर ओळीला वेगळा जेसन आला.

जेसनपेक्षाही जास्त जणांना चकवणारी जागा टोस्टची आहे. टोस्ट या व्यवस्थेत मोठी मूल्यं टेबलाबाहेर साठवली जातात, आणि अपडेटमध्ये त्यांना हात लागला नसेल तर ती वॉलमध्ये लिहिलीच जात नाहीत. प्लगइनला तिथे फक्त ‘न बदललेलं’ अशी खूण दिसते. तिला नल (रिकामं मूल्य) समजून पुढे पाठवलं, की पलीकडचा लांबलचक मजकूर पुसला जातो, आणि चूक कितीतरी दिवसांनी ध्यानात येते. जुन्या ओळीचंही तसंच. मूळ व्यवस्थेत प्रायमरी की (ओळीची ओळख पटवणारे कॉलम) असेल तर तिच्यापुरतीच जुनी मूल्यं लिहिली जातात; पूर्ण जुनी ओळ हवी असेल तर टेबलाची रेप्लिका आयडेंटिटी ‘फुल’ करावी लागते, आणि मग वॉल वाढतो.

ऑक्टोबर २०१७ मध्ये १० ही आवृत्ती आली आणि तिच्यासोबत पब्लिकेशन-सबस्क्रिप्शनची (एकाने टेबलं प्रसिद्ध करायची, दुसऱ्याने ती घ्यायची) अंगभूत प्रतिकृती आली. या प्रतिकृतीचं प्लगइन पीजीआउटपुट. पेत्र येलिनेक यांचं हे मुख्यतः काम. त्यानंतर वारं फिरलं. प्लगइन म्हणजे सर्व्हरच्या प्रक्रियेत चढणारी सी भाषेतली लायब्ररी. त्यात पॉइंटर चुकला तर सगळ्या जोडण्या तुटून सर्व्हर सावरायला जातो. म्हणून क्लाउडवर आपलं प्लगइन बसवायची मुभा सहसा नसते, आणि पीजीआउटपुट मात्र सगळीकडे असतंच. डेटाबेसमधले बदल काफ्काकडे नेणाऱ्या डेबेझियमने २.० मध्ये वॉलटूजेसनचा आधार काढून टाकला. पण पीजीआउटपुटलाही तोच नियम लागू होता: पब्लिकेशन हीसुद्धा कॅटलॉगमधलीच नोंद. स्लॉट आधी आणि पब्लिकेशन नंतर बनवलं, तर मधले बदल वाचताना डिकोडरला त्या काळच्या कॅटलॉगमध्ये पब्लिकेशन सापडत नसे. डोळ्यांसमोर दिसणारं पब्लिकेशन ‘अस्तित्वात नाही’ अशी त्रुटी पाहून बऱ्याच जणांनी बरीच वर्षं डोकं धरलं.

कॉलबॅकची यादी तोवर वाढत होती. ९.५ मध्ये बदलाचं मूळ पाहून गाळण्याची सोय आली, म्हणजे दुतर्फा प्रतिकृतीत आपलाच बदल फिरून आपल्याकडे येऊ नये. ९.६ मध्ये टेबलाशी संबंध नसलेले संदेश, ११ मध्ये ट्रंकेट (टेबल एकदम रिकामं करणं). १४ मध्ये मोठी उडी होती: कमिट व्हायच्या आतच मोठ्या ट्रान्झॅक्शनचे बदल पाठवता येऊ लागले, आणि दोन टप्प्यांच्या कमिटचेही (आधी तयारी, मग पक्कं करणं) कॉलबॅक आले. इथे प्लगइन लिहिणाऱ्याची जबाबदारी वाढली. आधी त्याच्या हाती फक्त पक्के झालेले बदल येत. आता पाठवून झालेलं ट्रान्झॅक्शन नंतर रद्दही होऊ शकतं.

वाचणारा गायब झाला तर स्लॉट वॉल साठवत राहतो आणि डिस्क भरते, हा धोका पहिल्या दिवसापासून होता. त्यावर मर्यादा घालायची सोय १३ मध्ये आली.

१६ मध्ये स्टँडबायवरही डिकोडिंग करता येऊ लागलं आणि तीच जुनी अडचण दोन मशीनांमध्ये विभागली गेली. वाचणारा स्टँडबायवर असतो, तर कॅटलॉगच्या जुन्या ओळी काढणारा व्हॅक्यूम प्रायमरीवर, म्हणजे मूळ मशीनवर. स्टँडबायने ‘मला या ओळी अजून लागतात’ असं कळवत राहिलं तर त्या राहतात. कळवलं नाही आणि त्या गेल्या, तर तो स्लॉट बाद ठरतो.