आप्तवियोगाचा शोक

आप्तवियोगाचा शोक : जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर मन, शरीर व वर्तन यांत उमटणारी प्रतिक्रिया. सामान्यतः तो आजार मानला जात नाही. झोप उडणे, भूक मरणे, गेलेल्याच्या पावलांचा भास होणे, फोनमधला त्याचा नंबर खोडण्यास हात न धजणे हे अनुभव सर्वपरिचित आहेत.

आधुनिक विवेचनाचा आरंभ बहुधा सिग्मंड फ्रॉइड यांच्या 1917 मधील निबंधापासून धरतात. मृतात गुंतलेली मानसिक ऊर्जा हळूहळू सोडवून घेणे हे शोकाचे कार्य, असे त्यांचे प्रतिपादन होते. मुलगी सोफी 1920 मध्ये वारल्यावर मात्र त्यांनाही हे सर्वस्वी साधलेले दिसत नाही. तिची जागा कशानेच भरून निघणार नाही, अशा आशयाचे पत्र त्यांनी 1929 मध्ये स्विस मानसोपचारतज्ज्ञ लुडविग बिन्सवांगर यांना लिहिले. मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडेमान यांनी बॉस्टनमधील 1942 च्या अग्निकांडातून वाचलेल्यांसह अनेक शोकग्रस्तांचे निरीक्षण केले. घसा आवळणे, उसासे, पोटात खड्डा पडल्यासारखे वाटणे यांच्या लाटा वीस मिनिटांपासून तासभरापर्यंत टिकतात, अशी नोंद त्यांनी 1944 मध्ये केली. गुंतागुंत नसलेला शोक चार ते सहा आठवड्यांत मार्गी लागतो, हा त्यांचा अंदाज आज फारच आशावादी वाटतो.

नकार, क्रोध, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार या पाच अवस्था मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडल्या. त्यांचा आधार मरणासन्न रुग्णांच्या मुलाखती होत्या, मागे राहिलेल्यांच्या नव्हेत. पुढे त्या शोकालाही लावल्या गेल्या आणि ‘अजून राग कसा आला नाही’ असे विचारण्यापर्यंत मजल गेली. अवस्था ठरावीक क्रमाने येतात, याला पुरेसा आधार मिळालेला नाही. मार्गारेट स्ट्रोब व हेंक शूट यांचे 1999 मधील द्विप्रक्रिया प्रतिमान अनुभवाशी अधिक जुळते : माणूस कधी दुःखात बुडतो, कधी कागदपत्रे, हिशेब, नव्या जबाबदाऱ्या यांकडे वळतो आणि ही ये-जा चालूच राहते. सकाळी बँकेत शांतपणे अर्ज भरणारी व्यक्ती दुपारी जुना सदरा हाती लागताच कोसळते. यात विसंगती नाही. मृताशी नाते तोडणे आवश्यक असते, हे मतही 1990 च्या दशकापासून मागे पडले.

तीव्र शोक दीर्घकाळ तसाच राहून दैनंदिन जीवन ठप्प झाल्यास ‘दीर्घकालीन शोकविकार’ असे निदान केले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची, तर अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या 2022 च्या आवृत्तीत प्रौढांसाठी एक वर्षाची अट आहे. ही सीमारेषा वादग्रस्त आहे.

आत्महत्येनंतरच्या शोकात ‘का’ हा प्रश्न इतर सर्व प्रश्नांना मागे सारतो. शेवटचा निरोप किती वाजता आला, आपण उत्तर केव्हा दिले, हे पुन्हा पुन्हा तपासले जाते. मागे वळून पाहताना चिन्हे स्पष्ट दिसतात. त्या वेळी ती तशी दिसत नव्हती, हे मनाला पटत नाही. अपराधभाव, राग, लाज व कधी दीर्घ ताण संपल्याची सुटका एकत्र येतात. मागे राहिलेल्यांमध्येही आत्महत्येची जोखीम वाढलेली आढळते; असे विचार येत असल्यास तातडीने मदत घ्यावी लागते. आत्महत्येचे अभ्यासक एडविन श्नाइडमन यांनी या कुटुंबांना दिलेल्या आधाराला आत्महत्या-प्रतिबंधाचाच भाग मानले. तोच अनुभव घेतलेल्यांचे गट अनेकांना उपयोगी वाटतात. मुलांपासून कारण लपवण्याकडे मोठ्यांचा कल असतो. ते पुढे बाहेरून कळले, की मृत्यूच्या दुःखात फसवणुकीची भर पडते. म्हणून वयाला झेपेल इतके, पण खरे सांगण्याकडे तज्ज्ञांचा कल आहे.