जुने घर, शेजारचे स्मारक आणि घरपट्टी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"शेजारी स्मारक आहे म्हणून वर मजला चढवू देत नाहीत, मग घरपट्टी पुरी कशासाठी?" एप्रिल उजाडला की आमच्याकडे हा प्रश्न येतोच. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र बेळगाव भागातले तुमचे घर महापालिका, कॅन्टोन्मेंट की पंचायत, कोणाच्या हद्दीत येते त्यावर ठरते.

आधी माफीचे बघू. कर्नाटक महापालिका कायदा 1976 मधील कलम 110 नुसार संरक्षित प्राचीन स्मारकाला घरपट्टी माफ आहे, आणि तीसुद्धा राहण्यासाठी किंवा सरकारी कचेरीसाठी न वापरलेल्या भागापुरतीच. ही माफी स्मारकाला आहे, शेजाऱ्याला नाही. वाडा पणजोबांच्या काळचा असला, तरी तो संरक्षित म्हणून जाहीर झालेला नसेल तर नुसत्या वयावर काही सुटत नाही.

निर्बंध येतात ते केंद्राच्या 1958 च्या स्मारक कायद्यातून. 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित जागेच्या हद्दीपासून 100 मीटर हा निषिद्ध पट्टा आणि त्यापुढचे 200 मीटर हा नियंत्रित पट्टा (परवानगी घेऊनच बांधायचा भाग) ठरला. हे अंतर देवळाच्या भिंतीपासून मोजायचे नसते, संरक्षित हद्दीपासून मोजायचे असते. खानापूर तालुक्यातल्या हलशीला भूवराह नरसिंह मंदिराला लागूनच गावची घरे आहेत. अशा ठिकाणी टेप कुठून धरला यावर घराचा पट्टा बदलू शकतो.

आता कराचे. बेळगाव महापालिकेच्या हद्दीत घरपट्टी मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर बसते. त्यात जागेची किंमत मुद्रांक व नोंदणी खात्याच्या सरकारी दरावरून येते, आणि हा दर गल्ली किंवा भाग पाहून ठरतो. तुमच्या जागेवर मजला चढवता येतो की नाही, हे त्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. म्हणून पालिकेच्या खिडकीशी वाद घालून उपयोग नाही. तिथल्या कारकुनाच्या हातात तो दर नसतो. नव्या दरांचा मसुदा जाहीर होतो तेव्हा हरकती मागवतात, तीच बोलायची जागा. 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यभर दर बदलले, तेव्हाही हरकतींसाठी मुदत होती. बहुतेकांना जाग आली ती चलन हातात पडल्यावर.

तरीही जुन्या घराचे पैसे वाचतात, आणि ते फॉर्ममध्येच वाचतात. आकारणी स्वयंघोषित असल्याने आपण जे लिहू त्यावर कर बसतो. मंगळुरी कौले आणि मातीच्या भिंती असलेले घर घाईत आरसीसी म्हणून लिहिले जाते. बांधकामाचे वर्ष चुकीचे पडले की वयानुसार मिळणारा घसारा (जुनेपणाबद्दलची वजावट) कमी होतो. आणि चौक! समजा वाडा 40 बाय 60 फुटांचा आहे आणि मधला चौक 12 बाय 15 चा. वर उघडे आभाळ असलेले हे 180 चौरस फूट बांधकामात धरायचे नाहीत. पण फॉर्मवर सरळ 2400 लिहिलेले असते, आणि पुढे वर्षानुवर्षे तोच आकडा उतरवला जातो. आमच्या मते निर्बंधांवर भांडण्याआधी एकदा घर मोजून घ्यावे.

कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीच्या (कॅन्टोन्मेंट) हद्दीतल्या बंगल्यांची गोष्ट वेगळी. तिथे कॅन्टोन्मेंट कायदा 2006 लागू आहे आणि राहत्या घराची आकारणी वाजवी वार्षिक भाड्यावरून होते. फेरबदलाला परवानगी नसेल, तर भाडे किती येऊ शकते यावर त्याचा परिणाम होतो. हा मुद्दा तिथे मांडता येतो. आकारणीची यादी प्रसिद्ध झाल्यावर नोटिशीतल्या मुदतीत लेखी हरकत द्या. तोंडी सांगितलेले कुठेच नोंदले जात नाही. 'ओल्ड ग्रँट'वरच्या बंगल्यात जमीन सरकारची आणि इमारत तेवढी तुमची असते, हेही हरकतीत लिहावे.

पंचायत हद्दीत मालमत्तेच्या नोंदीचे नमुना 9 आणि 11 चे उतारे तपासा. ई-स्वत्तूवर (पंचायत मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदीत) चढवलेले क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र जुळत नसेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

जुन्या पावत्या टाकू नका

निषिद्ध पट्ट्यात नवे बांधकाम होत नाही, पण असलेल्या घराच्या डागडुजीसाठी अर्ज करता येतो. अट अशी की घर 16 जून 1992 पूर्वीचे असावे, किंवा त्यानंतर रीतसर मंजुरीने बांधलेले असावे. मग 1992 पूर्वी घर होते हे दाखवणार कशाने? माळ्यावरच्या ट्रंकेत कडा झिजलेल्या, दोऱ्यात ओवून ठेवलेल्या घरपट्टीच्या पावत्यांनी. त्यावरचा घरनंबर, मालकाचे नाव आणि तारीख वाचता आली की काम होते. सिटी सर्व्हेची सनद असेल तर उत्तमच. ती मोडी लिपीत असली तरी आणा.

याची उलट बाजूही ध्यानात ठेवा. परवानगी न घेता वाढवलेल्या खोलीची घरपट्टी भरली म्हणून ती खोली अधिकृत ठरत नाही. निषिद्ध पट्ट्यातल्या बेकायदा बांधकामाला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

पालिकेचा कर एप्रिलअखेर भरल्यास 5 टक्के सूट मिळते. हरकत चालू आहे म्हणून भरणा थांबवू नका.

आमच्याकडे येताना प्रॉपर्टी कार्ड, चालू वर्षाचे चलन आणि सापडतील तेवढ्या जुन्या पावत्या आणाव्यात. पहिल्या भेटीत कागद पाहण्याचे पैसे आम्ही घेत नाही. मोजणीला माणूस पाठवायचा असेल तर त्याची फी आधी सांगतो.