मातीचा प्रतिबल-इतिहास व पायाची खचण (विदर्भ)

मातीच्या थराने आजवर सोसलेला सर्वांत मोठा प्रभावी दाब (एकूण दाबातून छिद्रांतील पाण्याचा दाब वजा करून कणांवर उरणारा) म्हणजे पूर्वदृढीकरण दाब. घराचा भार धरून होणारा दाब या मर्यादेच्या आत असेल तर चिकणमाती थोडीच दबते. मर्यादा ओलांडली की दबण्याचे प्रमाण साधारणतः पाच ते दहा पटींनी वाढते. मृदायांत्रिकीतील अभियंते तेर्झागी यांनी १९२० च्या दशकात दृढीकरणाचा (भाराखाली पाणी निघून माती सावकाश दबण्याचा) सिद्धांत मांडला. प्रयोगशाळेत नमुना दाबून मिळणाऱ्या आलेखाच्या वळणावरून पूर्वदृढीकरण दाब काढण्याची कासाग्रांदे यांची रीत १९३६ ची असून ती आजही वापरात आहे.

माती अतिदृढ (पूर्वदृढीकरण दाब आजच्या दाबाहून जास्त असलेली) का होते, याची मुख्यतः तीन कारणे दिली जातात : वरचे थर झिजून जाणे, उन्हाने सुकणे आणि दीर्घकाळ सावकाश दबत राहणे (या तिसऱ्यावर मृदा-अभियंते बियेरुम यांनी १९६७ मध्ये भर दिला). अकोला, अमरावती, यवतमाळकडील काळ्या मातीच्या वरच्या काही मीटरांसाठी सुकण्याचे कारण अधिक सयुक्तिक वाटते. समजा, दोन मीटरांवर मातीच्या स्वतःच्या वजनाचा दाब ३६ किलोपास्कल आहे आणि चाचणीत पूर्वदृढीकरण दाब १५० आला. केवळ झीज मानली तर सहा मीटरांहून जास्त माती वाहून गेली असली पाहिजे. शिवाय झिजेमुळे या दोन दाबांतील फरक खोलीनुसार जवळपास सारखाच राहतो; सुकण्यामुळे तो खाली जाताना घटत जातो. म्हणून एकाच खोलीवरच्या नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये. दुष्काळात भूजल खाली गेले की दर मीटरला सुमारे १० किलोपास्कल प्रभावी दाब वाढतो. तोही या इतिहासाचाच भाग होय.

सुकून आलेला टणकपणा पावसाळ्यात टिकत नाही. वैशाखात घेतलेला नमुना भिजवल्याशिवाय तपासला तर खचण कमी दिसते. एकमजली हलक्या घराला तर खचण्यापेक्षा फुगण्याचाच धोका मोठा, आणि भिंतीला पडणाऱ्या तिरप्या भेगा बहुधा त्याच्याच असतात. ओलाव्याचा चढउतार सुमारे ३.५ मीटरांपर्यंत जाणवतो असे सामान्यतः मानतात. या फुगण्यावर उपाय म्हणून अभियंते कट्टी यांनी सुचवलेला न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देतात किंवा रुंद बुडाच्या खुंट्यांचा पाया घेतात. जवळ मुरूम असेल तर पाया मुरमापर्यंत नेणे उत्तम. खचणीच्या गणितासाठी भारतीय मानक ८००९ (भाग १, १९७६) आहे.

पूर्व विदर्भात धानाच्या बांध्यांत पावसाळाभर पाणी साचते, त्यामुळे पश्चिमेकडील आकडे तिकडे लावू नयेत.

गावठाणातील पांढरी माती वेगळी. पडलेल्या मातीच्या भिंती, राख व भर यांची ती बनलेली असल्याने दोन हातांच्या अंतरावर दाबाचा इतिहास बदलतो. तिथे खड्डा खणून थर पाहिल्याशिवाय प्रयोगशाळेच्या आकड्यावर विसंबू नये.