स्तन काढला म्हणून संसार मोडतो का?

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला नवरा बहुधा सोडून जातो, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते आणि त्यासाठी २००९ मधील एका अमेरिकी अभ्यासाचा दाखला दिला जातो. त्यातील ५१५ रुग्णांमध्ये पत्नी आजारी असताना विभक्त होण्याचे प्रमाण २०.८ टक्के, तर पती आजारी असताना २.९ टक्के आढळले, हे खरेच; मात्र त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्ण मेंदूतील गाठीचे किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचे होते, हे सांगताना सोयीस्करपणे गाळले जाते. याउलट डेन्मार्कमधील ४६ हजारांहून अधिक कर्करुग्णांच्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गर्भाशयमुखाचा कर्करोग वगळता घटस्फोटाचा धोका वाढलेला दिसला नाही.

अर्थात सारे सुरळीत असते असे नाही. जखमेतील द्रव बाहेर काढणारी निचऱ्याची नळी सांभाळावी लागते, काखेतील लसिकाग्रंथी काढल्यावर हात उचलताना ओढ बसते आणि जखमेकडे पाहण्याचा धीर दोघांनाही लगेच होत नाही. पुष्कळदा पती स्पर्श टाळतो तो तिला दुखेल या भीतीने, आणि पत्नी मात्र त्याचा अर्थ किळस असा लावते. अशा वेळी ड्रेसिंग बदलताना पतीने सोबत बसणेही बरेच काही सांगून जाते.