पहिला लॉट, कोल्ड शट आणि फोनचा मॉडेल नंबर

गेल्या आठवड्यात बेळगावच्या खडे बाजारातल्या एका दुकानातून भाच्याचा फोन आला. "मामा, नवीन मॉडेल आलंय. पण दुकानदार म्हणतोय पहिला लॉट घेऊ नका. दोन महिन्यांनी मॉडेल नंबरचं शेवटचं अक्षर बदलून येतंय म्हणे, त्यात सगळं दुरुस्त केलेलं असतंय. थांबू काय?"

दुकानदाराचं निम्मं बरोबर आहे. पहिल्या लॉटमध्ये दोष जास्त निघू शकतात हे खरं, पण ते दूर झाल्याची खूण मॉडेल नंबरात दिसते हे खोटं.

आधी ते अक्षर पाहू. सॅमसंगचा २०२२ चा गॅलेक्सी एस२२ युरोपात एसएम-एस९०१बी, अमेरिकेत एसएम-एस९०१यू आणि आपल्याकडे एसएम-एस९०१ई या नंबरांनी विकला गेला. नाव एक, रूप एक, पण 'बी'मध्ये एक्सिनोस २२०० प्रोसेसर होता, तर 'ई'मध्ये स्नॅपड्रॅगन ८ जेन १. म्हणजे हे अक्षर फोन कुठल्या बाजारासाठी बनवला ते सांगतं. त्यावरून नेटवर्कचे बँड, सिमची सोय आणि कधीकधी प्रोसेसरही ठरतो. परदेशातून कुणी फोन आणून देत असेल तर ते जरूर तपासा. फोन पहिल्या आठवड्यात बनला की सहाव्या महिन्यात, हे त्यावरून कळत नाही.

उलटही घडतं. २०१५ च्या आयफोन ६एसमध्ये ए१६८८ या एकाच मॉडेल नंबराखाली दोन वेगळ्या कारखान्यांच्या ए९ चिप होत्या, काहींत सॅमसंगची १४ नॅनोमीटरची, काहींत टीएसएमसीची १६ नॅनोमीटरची. इंटरनेटवर केवढा गदारोळ झाला! प्रोसेसर सतत पूर्ण ताकदीने पळवून बॅटरीत मोठा फरक दाखवला गेला. प्रत्यक्ष वापरात तो २ ते ३ टक्केच आहे, असं ॲपलने सांगितलं.

आता पहिल्या लॉटमध्ये दोष का निघतात, ते पाहू. मी बरीच वर्षं उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, कास्टिंगच्या (साच्यात रस ओतून केलेल्या भागांच्या) तपासणीवर काढली, म्हणून हा भाग मला फार जवळचा वाटतो.

फोनमधली मुख्य चिप बोर्डावर पायांनी उभी नसते. तिच्या पोटाखाली सोल्डरचे, म्हणजे वितळवून सांधे जोडायच्या धातूचे, शेकडो बारीक गोळे असतात, प्रत्येक गोळा मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढा. बोर्डावर तेवढ्याच जागी सोल्डरची पेस्ट छापतात, वर चिप ठेवतात आणि सगळं लांबट भट्टीतून सरकवतात. शिसं नसलेलं हे सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं, भट्टीत ते साधारण २४५ अंशांपर्यंत नेतात. गोळा आणि पेस्ट एक झाले की सांधा तयार.

पण चिपचं सिलिकॉन तापल्यावर फारच कमी प्रसरण पावतं आणि त्याखालचा थर कितीतरी जास्त. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे भट्टीत तो सगळा तुकडा पापडासारखा किंचित वाकतो. कोपऱ्यावरचे गोळे पेस्टवरून उचलले जातात आणि उघड्यावर पडलेल्या गोळ्यावर ऑक्साइडची साय धरते. थंड होताना चिप पुन्हा सपाट होते, गोळा पेस्टवर टेकतो, पण मधल्या सायीमुळे दोन्ही एकजीव होत नाहीत. उशीवर डोकं टेकवावं तसा तो नुसता टेकलेला राहतो. इंग्रजीत या दोषाचं नावच 'हेड इन पिलो' आहे.

फाउंड्रीतल्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातल्या, माणसाला हे ऐकून कोल्ड शट नावाचा दोष आठवेल. साच्यात दोन बाजूंनी आलेले लोखंडाचे प्रवाह समोरासमोर भेटतात, पण रस थंडावलेला आणि तोंडावर ऑक्साइड, म्हणून मिसळत नाहीत. वरून कास्टिंग धड दिसतं आणि मशीनवर किंवा भाराखाली तिथेच फाटतं. फोनमध्ये टेकलेल्या गोळ्यातून वीज जाते, म्हणून तो कारखान्याची चाचणी पास होतो. महिन्याभरात गरम-थंड होऊन, एखादा धक्का बसून सांधा सुटतो आणि फोन बंद पडायला लागतो.

दुरुस्ती कशी करतात? आम्ही रसाचं तापमान वाढवायचो, रनरची (साच्यात रस नेणाऱ्या वाटेची) जागा बदलायचो. फोनच्या कारखान्यात भट्टीच्या तापमानाचा आलेख बदलतात, पेस्ट छापायच्या जाळीची छिद्रं बदलतात, भट्टीत नायट्रोजन सोडतात. ड्रॉइंगवरचा पार्ट नंबर आमच्याकडे बदलत नव्हता, तिथेही मॉडेल नंबर बदलत नाही. वस्तू तीच राहते, फक्त ती बनवणारा हात बसतो.

थांबलं की सुधारतंच, असंही नाही. २०१६ च्या गॅलेक्सी नोट ७ मध्ये पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यावरचा इलेक्ट्रोड दबलेला होता. फोन परत मागवून दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटऱ्या घातल्या, तर त्यांत वेल्डिंगचे काटे निघाले. बदलून दिलेले फोनही पेटले आणि शेवटी मॉडेलच बंद करावं लागलं.

नंबरांचाच विषय निघाला म्हणून सांगतो, आमच्याकडे एक जण फोनच्या आयएमईआयचे, म्हणजे प्रत्येक फोनच्या वेगळ्या ओळख क्रमांकाचे, अंक जोडून शुभ-अशुभ काढतो. त्या १५ अंकांतले पहिले ८ मॉडेल सांगतात, पुढचे ६ तो विशिष्ट फोन, आणि शेवटचा आधीच्या १४ अंकांवरून गणिताने काढलेला पडताळा असतो, नंबर लिहिताना चूक झाली तर पकडायला. त्यात नशिबाला जागाच नाही.

भाच्याच्या जुन्या फोनची बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. म्हणून त्याला म्हटलं, घे, पण बदलून द्यायची मुदत किती दिवसांची ते बिलावर लिहून घे. आणि त्या दिवसांत फोन जपून ठेवू नकोस. चार्जिंग, व्हिडिओ कॉल, कॅमेरा, खानापूरच्या गाडीत नकाशा, सगळं रोज कर. एखादा सांधा टेकलेलाच असेल तर तो मुदतीतच सुटू दे.