जुन्या पेट्रोल गाडीला गॅस किट : सीएनजी की एलपीजी?

‘गाडी गॅसवर करून घ्यायची आहे’ असं म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायला हवा, कुठल्या गॅसवर? सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तो सुमारे २०० बार दाबाखाली, वायू म्हणूनच टाकीत भरतात. ऑटो एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. थोड्याशा दाबानेच त्याचा द्रव होतो आणि टाकीत तो द्रवरूपातच राहतो. बाकीचे बहुतेक फरक इथूनच सुरू होतात.

एवढा दाब सोसायचा म्हणून सीएनजीची टाकी जाड पोलादाची असते. छोट्या गाडीत ती बहुतेक सगळी डिकी व्यापते, आणि पन्नास-साठ किलोंचं हे ओझं मागच्या थकलेल्या स्प्रिंगांवर पडतं. एलपीजीची चकतीसारखी टाकी स्टेपनीच्या जागेत बसते आणि डिकी मोकळी राहते. द्रवाला पसरायला जागा हवी म्हणून ती ८० टक्केच भरतात.

पंपावरच्या दरांची तुलना करताना मात्र बरेच जण फसतात. सीएनजी किलोवर मिळतो, एलपीजी लिटरवर. किलोभर सीएनजीत साधारण दीड लिटर पेट्रोलची ऊर्जा असते, लिटरभर एलपीजीत जेमतेम पाऊण लिटरची. त्यामुळे दोन्ही दर शेजारी मांडून काहीच कळत नाही. हिशेब किलोमीटरमागे किती रुपये, असाच करायचा.

जुन्या इंजिनाच्या बाबतीत मी जास्त काळजी करतो. मिथेन सावकाश जळतो, म्हणून स्पार्क थोडा आधी पडावा लागतो. पण ठिणगीची ही वेळ, म्हणजे टायमिंग, तेवढं पुढे घेतलं, की पेट्रोलवर इंजिन ठोकायला लागतं. त्यासाठी टायमिंग बदलणारं वेगळं यंत्र बसवतात, किंवा मेस्त्री मधला मार्ग काढतो. एलपीजी या बाबतीत पेट्रोलच्या जवळचा आहे. पिकअपही त्यावर सीएनजीइतका घटत नाही. घाट चढताना सीएनजीची गाडी जास्त दमते.

दोन्ही गॅस कोरडे. २००० साली देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. त्याआधीच्या अनेक इंजिनांच्या मऊ व्हॉल्व्ह सीटना (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो त्या कड्यांना) पेट्रोलमधल्या शिशाचा आधार होता. गॅसवर त्या आणखी झिजतात, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटची फट कमी होत जाते आणि एक दिवस कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, जातं. म्हणून टॅपेट वरचेवर तपासायचे आणि हेड उघडलंच तर कडक सीट बसवून घ्यायच्या. कार्ब्युरेटरच्या गाडीत गॅस हवेत मिसळणारा मिक्सर असल्यामुळे हवेच्या वाटेतही गॅस भरलेला असतो. प्लग किंवा त्याची वायर खराब असली, तर तिथेच भडका उडून एअर फिल्टरचा डबा फुटू शकतो. त्या वायरी आधी बदलाव्यात.

गळती झाली तर सीएनजी हलका असल्याने वर जातो, एलपीजी जड असल्याने खाली, खड्ड्यात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये साचतो. घरगुती लाल सिलिंडरमधला गॅस गाडीत भरणं बेकायदा आहेच, पण ते शेजाऱ्यांच्याही जिवाशी खेळणं आहे. हे काम करून देणाऱ्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका.

किट मान्यताप्राप्त हवं. किटच्या चाचण्या पुण्याची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था करते. टाकीला मान्यता देणाऱ्या पेसो या सरकारी सुरक्षा संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. आरटीओत आरसीवर इंधनाची नोंद आणि विम्यात किटचा उल्लेख, दोन्ही करून घ्या, नाहीतर अपघातानंतर दावा अडकू शकतो. सीएनजीच्या टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, दर ३ वर्षांनी करावी लागते.

मुंबई-पुण्यात रोज धावणाऱ्या गाडीला मी सीएनजीच सुचवेन, कारण पंप मिळतात आणि एलपीजीचे पंप आता तुरळक झालेत. घाटातून ये-जा असेल, डिकी हवी असेल आणि वाटेवर एलपीजीचा पंप खात्रीने असेल, तरच एलपीजी. मात्र दोन्हींपैकी काहीही ठरवण्याआधी कॉम्प्रेशन मोजून घ्या. ते कमी आलं, तर किटसाठी ठेवलेले पैसे आधी इंजिनाच्या कामाला लावा.